वजनकाट्यावर ती एकटीच उभी राहते

गरोदर बाईच्या वजनावर आपल्याकडे सगळेच बोलतात. सास बोलते, शेजारीण बोलते, दवाखान्यातली सिस्टर बोलते आणि आता मोबाईलमधली रीलवाली ताईही बोलते. एक म्हणते, 'दोन जिवांची आहेस, दोघांपुरतं खा.' दुसरी म्हणते, 'एवढं खाऊ नकोस, बाळ मोठं झालं की सिझर ठरलेलं.' जिचं वजन आहे तिला मात्र कुणी विचारत नाही की बाई, तुला रात्री झोप लागते का, घरात तू कितव्या पंगतीला जेवतेस, संध्याकाळी उगाच रडू येतं का. ताटातल्या तुपापेक्षा या तीन प्रश्नांत वजनाचं उत्तर जास्त वेळा सापडतं, असं माझं मत आहे. म्हणून यावेळचं संपादकीय या विषयावर.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, माहेर कळवणचं. त्यामुळे औषधाचा सल्ला मी देणार नाही. पण घर, नोकरी, गल्ली आणि समाज मिळून एका बाईच्या वजनाचं काय करतात, यावर बोलायला डॉक्टर असावं लागत नाही.

कळवण तालुका या विषयासाठी मुद्दाम निवडावा असा आहे. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तीन तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. एका बाजूला आदिवासी पाडे, कांदा लागवडीच्या दिवसांत सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत वाकून रोपं लावणाऱ्या बाया. दुसऱ्या बाजूला कळवण गावातली आमच्यासारखी घरं. दुकान, गॅरेज, बेकरी, व्यापार, घरात मोटारसायकल, बाईला बाहेर पडायचं कारण नाही आणि पडलीच तर 'कुठे चाललीस?' हा प्रश्न. एकाच सरकारी दवाखान्याच्या एकाच बाकावर या दोघी शेजारी बसतात. एकीचं वजन वाढत नाही म्हणून डॉक्टर रागावतात, दुसरीचं फार वाढलं म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा बारीक आणि सुमारे २३ टक्के जादा वजनाच्या निघाल्या. जवळजवळ बरोबरीचा सामना. म्हणजे 'आपल्या बायका कुपोषित आहेत' हेही खरं आणि 'आपल्या बायका लठ्ठ होत चालल्यात' हेही खरं.

आधी हिशोब समजून घेऊ, कारण घरोघरी भांडण आकड्यावरूनच होतं. गरोदरपणात साधारण बारा किलो वजन वाढलं असं धरा. त्यात बाळाचं तीन किलो, वारेचं अर्धा ते पाऊण किलो, गर्भजल पाऊण-एक किलो, मोठं झालेलं गर्भाशय एक किलो, वाढलेलं रक्त सव्वा ते दीड किलो, स्तनांचं अर्धा किलो, अंगात साठलेलं पाणी दीड किलो. उरलेली तीन-चार किलो चरबी. तीही फुकटची नाही, बाळाला दूध पाजायच्या महिन्यांसाठी शरीराने बांधून ठेवलेली शिदोरी आहे.

पण सगळ्यांना बारा किलो लागू नाहीत. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली जी मोजमापं दिली, ती आज जगभर वापरली जातात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. गरोदर राहण्याआधी तो १८.५ च्या खाली असेल तर नऊ महिन्यांत साडेबारा ते अठरा किलो वाढायला हवं. १८.५ ते २५ मध्ये असेल तर साडेअकरा ते सोळा. २५ ते ३० मध्ये सात ते साडेअकरा, आणि ३० च्या वर पाच ते नऊ. आपल्या लोकांत कमी बीएमआयलाच पोटाभोवती चरबी साठते, म्हणून भारतीय डॉक्टर २३ च्या पुढेच जादा वजन धरतात. तेव्हा जाऊबाईचं किती वाढलं होतं याच्याशी तुमचा काही संबंध नाही. तुम्ही कुठून सुरुवात केली त्याच्याशी आहे.

माझ्या धंद्यातली एक सवय इथे उपयोगी पडते. सर्व्हर कसा चालला आहे हे एका क्षणाच्या आकड्यावरून कळत नाही, आलेखाची रेघ बघावी लागते. वजनाचंही तसंच. मातृ व बाल संरक्षण कार्डावर दर भेटीला वजन लिहितात, पण ते कार्ड बहुतेक घरांत कपाटात लग्नाच्या अल्बमखाली पडून असतं. ते काढा आणि आकडे ओळीने वाचा. सावकाश चढणारी रेघ असेल तर घाबरायचं कारण नाही. रेघ महिनाभर जागची हलली नाही तर विचारायला हवं. आणि एका आठवड्यात अचानक दोन किलो वाढले, चेहऱ्यावर-हातांवर सूज आली, डोकं दुखतंय, नजर धूसर होतेय, तर तो जेवणाचा प्रश्नच नाही. रक्तदाबाचा असू शकतो आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. 'जड झालीये, असं होतंच' म्हणून तो आठवडा जाऊ देणं जिवावर बेतू शकतं.

आता दोघांपुरतं खाण्याची गोष्ट. पहिल्या तीन महिन्यांत जादा अन्नाची गरज जवळपास नसते. त्यानंतर दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जादा, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ३५० म्हणजे एक भाकरी, वाटीभर वरण आणि एक उकडलेलं अंडं. बस्स. दुसरं माणूस जेवतंय ते एवढंच. आमच्याकडे पाळी चुकल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू वळायला घेतात. त्याचे दोन लाडू आणि वर ग्लासभर साखरेचं दूध, की ते ३५० केव्हाच मागे पडतात. लाडू वळणाऱ्या हातांत प्रेम असतं, हे मी नाकारत नाही. पण त्या प्रेमाला कॅलेंडर नसतं.

उलट टोकाचा समज पाड्यांवरही आहे आणि आमच्या मोहल्ल्यातही. कमी खाल्लं तर बाळ छोटं राहील आणि बाळंतपण सुखरूप होईल. जिथे दवाखाना दूर होता, अडलेली बाळंतीण म्हणजे मरणच होतं, तिथे हा समज का रुजला असेल हे समजतं. आज मात्र त्याची किंमत बाळ मोजतं.

या जागी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाची आठवण करून द्यायला हवी. १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. त्या गावांतल्या आया बारीक होत्या, सरासरी बीएमआय १८ च्या आसपास. बाळंही लहान, सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण मोजमाप घेतलं तेव्हा कळलं की आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीची. पुढे मोठेपणी मधुमेह होण्याची जमीन इथेच, आईच्या पोटात, तयार होते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा ती हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाते याचा बाळाच्या वाढीशी जवळचा संबंध होता. आणि शेतात-घरात जास्त राबणाऱ्या आयांची बाळं लहान होती. मेथी, शेपू, आंबाडी या आपल्या बाजारात रोज मिळणाऱ्या गोष्टी आहेत. आमच्या घरांत मात्र पाहुणचार म्हणजे मटण, आणि भाजी म्हणजे मटण नसल्याच्या दिवशीची तडजोड. हे बदलायला कुठल्या योजनेची गरज नाही.

योजना आहेतही. अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एकदा पूर्ण गरम जेवण देणारी योजना महाराष्ट्राने २०१५ साली सुरू केली. तिला नाव दिलं भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. कलामसाहेबांचा फोटो आपण शाळेत, संस्थेच्या कार्यालयात, स्टेटसवर लावतो. त्यांच्या नावाचं ताट आपल्या तालुक्यातल्या पाड्यावर वेळेवर पोचतं का, अंडं खरंच मिळतं का, मजुरीला गेलेली बाई दुपारी अंगणवाडीपर्यंत येऊ शकते का, हे बघायला आपल्यापैकी किती जण गेलो? ती योजना 'त्यांची' आहे असं म्हणून मान फिरवणारी चळवळ नागरिकांची म्हणवून घेऊ शकत नाही.

ताटाबद्दल एवढं पुरे. मला खरं बोलायचंय ते झोपेबद्दल आणि मनाबद्दल, कारण त्याचा रकाना कार्डावर नाही.

माझं पहिलं गरोदरपण पुण्यात सुरू झालं. तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे अमेरिकेतल्या टीमबरोबर रात्री साडेनऊला कॉल असायचा. तो अकरा-साडेअकराला संपायचा, मग डोकं शांत व्हायला एक वाजायचा. मी गरोदर असल्याचं सांगितल्यावर कॉलची वेळ बदलली नाही, फक्त 'टेक केअर' हा शब्द प्रत्येक ईमेलच्या शेवटी यायला लागला. नवरा तेव्हा नाशिकला. रात्री कॉल संपला की मी खारी आणि टोस्ट खायचे, भूक म्हणून नाही, खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून. पाचव्या महिन्याअखेर सात किलो वाढले होते. माझा आधीचा बीएमआय २६, म्हणजे नऊ महिन्यांचा कोटा जवळजवळ संपत आलेला. एका खासगी दवाखान्यात मला सांगण्यात आलं, 'शिकलेल्या ना तुम्ही? तोंडावर ताबा ठेवा.' झोप किती होते, असं तिथे कुणी विचारलं नाही.

सहाव्या महिन्यात घरून काम करायची परवानगी काढून कळवणला आले, आणि अम्मीच्या हातचं खाऊनही वजन वाढण्याचा वेग निम्म्यावर आला. एकट्या माझ्या उदाहरणावरून सिद्धांत मांडायचा नाही हे मला कळतं. पण त्यामागचं शास्त्र नवं नाही. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. ताण लांबला की कॉर्टिसोल चढतं आणि जीव गोड-तेलकट मागतो. जिला रात्री चार तास झोप मिळते तिला तोंडावर ताबा ठेवायला सांगणं म्हणजे पंख्याची वायर काढून घेऊन वर 'घाम का येतो' असं विचारणं. काही जणींचं याच ताणाने उलट होतं. घास उतरत नाही, वजन थांबतं. कारण एकच, वाट वेगळी.

हा ताण येतो कुठून? काही उत्तरं आपल्याला आवडणार नाहीत. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या वेळी मुलगाच हवा, हे कुणी तोंडाने बोलत नाही, पण दुआ करताना ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलतं. आधी एकदा गर्भ पडलेला असेल तर घरातल्या मोठ्या बायका बिछान्यावरून उठू देत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसतं पडून राहिल्याने गर्भपात टळतो याला आधार मिळालेला नाही. स्नायू मात्र ढिले होतात, वजन चढतं आणि भीती पोसली जाते. एकत्र कुटुंबात सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवणारी सून शिळं-उरलं खाते, तेही रात्री साडेदहाला, आणि मग तशीच झोपते. तिच्या ताटात काय आहे यावर भाषण देणाऱ्या पुरुषांनी आधी ते ताट किती वाजता वाढलं जातं ते बघावं. आणि रोज रडू येतं, कशात मन लागत नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं तर तो 'मूड' नसतो. गरोदरपणातलं नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. 'नजर लागली' म्हणून तावीज बांधा हवा तर, पण डॉक्टरांकडेही न्या.

चालण्याचा मुद्दा मला वेगळा मांडायचा आहे, कारण तो थेट आपल्या चळवळीचा आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर गरोदर बाईने आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. सोपं वाटतं. आता आपल्या मोहल्ल्यात ही अर्धा तास चालणारी बाई कुठे चालेल ते दाखवा. गल्लीत गटार उघडं, चौकात आपलीच पोरं बाईकवर बसलेली, मुख्य रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर. मी रोज असरनंतर फुफीला बरोबर घेऊन निघायचे, तर तिसऱ्या दिवशी घरी निरोप आला, 'या हालतीत मुलगी रस्त्यावर बरी दिसत नाही.' फुफी म्हणाली, 'त्यांना सांगा, हालत आहे म्हणूनच चाललोय.' आठवडाभराने आणखी दोघी यायला लागल्या. एक आठव्या महिन्यातली, दुसरी नुसतीच घरात कोंडून कंटाळलेली. त्या अर्ध्या तासात जेवढं बोलणं झालं तेवढं कुठल्या समुपदेशकाकडेही झालं नसतं. नगरपंचायतीकडे आपण कब्रस्तानाच्या भिंतीसाठी निवेदनं देतो, ती द्यायलाच हवीत. दिवे असलेला, गटार झाकलेला एक सरळ रस्ता बायकांना चालण्यासाठी मागितला, असं निवेदन मी अजून पाहिलेलं नाही.

रमजानबद्दल थोडं, कारण तरुण मुली हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. गरोदर बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी वाटत असेल तर रोजा सोडण्याची सवलत आहे. चारही सुन्नी मजहब यावर सहमत आहेत. मतभेद आहे तो नंतर कजा करायची की फिदियाही द्यायचा, एवढ्यापुरता. तरी सून रोजे धरत नाही हे घराला लाजिरवाणं वाटतं, आणि मग ती दिवसभर पाण्याशिवाय राहून इफ्तारला भजी आणि सरबतावर तुटून पडते. ज्या बाईची साखर वाढलेली आहे तिच्यासाठी ही दोन्ही टोकं धोक्याची. धर्माने दिलेली सवलत समाजाने काढून घ्यायची, हा अधिकार आपल्याला कुणी दिला? ज्यांना रोजे धरायचेच आहेत त्यांनी रमजानच्या आधी डॉक्टरांशी बोलावं, महिना निम्मा झाल्यावर नाही.

साखरेचा विषय निघाला आहे तर तपासणीचंही सांगते. गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी देशाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गरोदर बाईची व्हायला हवी. पहिल्या भेटीला एकदा, आणि तेव्हा नसेल तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात. उपाशी असण्याची अटही नाही. १४० किंवा त्याच्या वर आलं तर मधुमेह धरतात. बहुतेक जणींची साखर जेवण आणि चालणं सुधारून आटोक्यात येते, काहींना औषध लागतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीची ही तपासणी राहून गेली, कारण दुसऱ्या भेटीला तिला घेऊन जायला घरात कुणी मोकळं नव्हतं. आठव्या महिन्यात कळलं. बाळ सव्वाचार किलोचं झालं, दोघंही वाचली, पण बाळ काचेच्या पेटीत होतं आणि तिच्या अंगावर सगळ्यांचे बोट होते, 'फार गोड खायची.'

'कुणी मोकळं नव्हतं' हे वाक्य मला त्या साखरेपेक्षा कडू वाटतं. घरात तीन पुरुष होते.

म्हणून हे वाचणाऱ्या मुलग्यांना, नवऱ्यांना, दिरांना एक काम सांगते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी दुकान दोन तास उशिरा उघडा आणि बरोबर जा. गेटबाहेर बाईकवर बसू नका, आत जा. बरोबर कार्ड, आधीचे रिपोर्ट आणि एका कागदावर मागच्या तीन दिवसांचं लिहून न्या. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, किती तास झोप झाली. हा कागद तिने नाही, तुम्ही लिहायचा.